बेदुईन वाळवंटात ‘कुठेही’ राहत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बेदुईन या वाळवंटातल्या अरब पशुपालक टोळ्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुंदर होती, आणि अरबस्तान म्हणजे तेल आणि उंच इमारती यापलीकडचे काही मराठी वाचकापुढे आले याचा आनंदही झाला. पण या लोकांना ठावठिकाणा नसतो, उंट नेईल तिथे त्यांचे घर, अशा अर्थाचे जे वाक्य लेखात आहे, त्याला आक्षेप नोंदवल्याशिवाय राहवत नाही. वाचायला ते गोड आहे. मात्र याच समजुतीच्या आधारावर या लोकांच्या जमिनी गेल्या आहेत आणि आजही जात आहेत.

बेदुईन टोळीचा मुलूख ठरलेला असतो. त्याला ते ‘दीरा’ म्हणतात. हिवाळ्यात पाऊस पडला की कळप घेऊन आत वाळवंटात जायचे, उन्हाळ्यात गवत संपले की बारमाही विहिरींवर परतायचे, खजूर पिकायच्या सुमारास बागांजवळ यायचे, हे वर्षाचे चक्र. कोणती विहीर कोणत्या कुळाची, दुष्काळात शेजारच्या टोळीला तिथे पाणी पाजायचे असेल तर परवानगी कोणाकडे मागायची, हे सगळ्यांना पाठ असते. उंटाच्या मानेवरचा किंवा मांडीवरचा डाग पाहून तो कोणाचा हे सांगता येते. आपल्याकडे फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरतात तेव्हा त्यांची वाट ठरलेली असते, ज्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या तो शेतकरीही ठरलेला असतो. त्यांना कोणी ‘मेंढ्या नेतील तिथे जाणारे’ म्हटले तर आपण लगेच दुरुस्त करू. तेवढीच दुरुस्ती इथे हवी आहे.

हा पसारा मोठा आहे. अनझा ही टोळी सीरियाच्या पठारापासून थेट सौदी अरेबियापर्यंत पसरलेली. सौदी आणि कुवेतची राजघराणी आपले मूळ याच टोळीत सांगतात. शम्मर मूळचे सौदीतल्या हाईलच्या डोंगराकडचे, पण त्यांची मोठी शाखा उत्तर इराकात आणि सीरियात आहे. मक्का-मदिनेच्या वाटांवर हर्ब, दक्षिण जॉर्डनमध्ये हुवेतात, अरबस्तानच्या दक्षिणेकडच्या रुब अल-खाली या विशाल वाळवंटाच्या कडेने अल-मुर्रा. इजिप्तच्या वायव्य किनाऱ्याने लिबियापर्यंत औलाद अली. रशायदा तर एकोणिसाव्या शतकात तांबडा समुद्र ओलांडून सुदान-इरिट्रियात गेले आणि तिथलेच झाले. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात सेंट कॅथरीनच्या मठाभोवती जबालिया टोळी राहते. हे लोक डोंगरातल्या उंच घळींत दगडी कुंपणे घालून बदाम आणि जर्दाळूच्या बागा राखतात. बेदुईन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त वाळू आणि उंट येतो, म्हणून या बागांचा मुद्दाम उल्लेख केला.

नोकरीनिमित्त मी ओमानमध्ये रस्त्यांच्या सर्वेक्षणाच्या कामावर होतो. मस्कतहून सलालाला जाणारा रस्ता ज्या सपाट, खडकाळ माळावरून जातो तो जिद्दत अल-हरासीस. हरासीस टोळीचा मुलूख. इथे वाळूच्या टेकड्या नाहीत आणि काळे तंबूही नाहीत. हे लोक पूर्वापार झाडाच्या आडोशाने राहत आले. नैसर्गिक पाणी जवळजवळ नाहीच. समुद्राकडून येणाऱ्या धुक्याने पाला भिजतो, तो शेळ्या-उंट खातात, आणि माणसे त्यांच्या दुधावर दिवस काढत. १९५० च्या दशकात तेलाच्या शोधात आलेल्या कंपनीने विहिरी खोदल्या, तेव्हा कुठे या माळावर भरवशाचे पाणी आले. त्यातली एक हैमाची. तिच्याभोवती आज गाव आहे, पेट्रोल पंप आहे, निवासी शाळा आहे.

या माळावर आमच्या नकाशाचा बराचसा भाग कोरा होता. सोबतीला घेतलेला हरासीस वाटाड्या मात्र प्रत्येक खोलगट जागेचे नाव सांगत असे. पावसाचे पाणी जिथे काही दिवस साचते आणि म्हणून जिथे बाभळीची चार झाडे तग धरतात, अशा त्या जागा. गाडीत बसून पाहिले तर एक दुसरीपासून वेगळी ओळखू येणार नाही. तो मात्र सांगायचा, हे झाड अमक्या कुटुंबाचे, त्याखाली त्यांचे सामान असते, ते परत येतील. आणि खरोखरच फांदीला पखाली, दोर आणि गाठोडी टांगलेली असत. कोणी त्यांना हात लावत नसे. त्याच्या पिकअपच्या हौद्यात पाण्याची टाकी होती. ती हैमाला भरून आणायची, अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी ओतायचे आणि शेळ्यांना पाजायचे, हे रोजचे काम. पूर्वी कळप पाण्यापाशी जायचा, आता पाणी कळपापाशी येते, एवढा बदल नक्की झाला आहे. मुलूख तोच आहे.

याच माळावर १९७२ मध्ये रानातला शेवटचा पांढरा ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचे हरणासारखे जनावर, मारला गेला. तो मारणारे शिकारी बाहेरून आलेले होते. १९८२ मध्ये प्राणिसंग्रहालयांत वाढलेले ओरिक्स इथे पुन्हा सोडले, तेव्हा त्यांच्यामागे फिरणारे राखणदार हरासीसमधूनच नेमले गेले, कारण हा माळ पावलागणिक ओळखणारे दुसरे कोणी नव्हतेच. १९९४ मध्ये इथल्या ओरिक्सच्या अभयारण्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पुढे चोरटी शिकार वाढली, सरकारने राखीव क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवले आणि २००७ मध्ये नाव यादीतून काढले गेले. असे नाव काढले जाण्याची जगातली ती पहिलीच वेळ.

आता ज्या प्रदेशाविषयी मला खरी कळकळ आहे त्याकडे येतो. इस्रायलच्या दक्षिणेचे नेगेव वाळवंट. १९४८ च्या युद्धानंतर तिथल्या बेदुईनांपैकी सुमारे ११ हजारच उरले; बाकीचे गाझा, जॉर्डन, सिनाईकडे गेले किंवा हाकलले गेले. जे उरले त्यांतल्या बहुतेकांना बीरशेबा शहराच्या पूर्वेकडच्या एका पट्ट्यात आणून ठेवले. १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. परवान्याशिवाय पट्टा सोडता येत नसे. त्यांच्या जुन्या जमिनी सरकारजमा झाल्या. आधार काय? ऑटोमन काळातला ओसाड जमिनीचा कायदा, आणि १९२१ चा ब्रिटिश आदेश. अशी जमीन कसत असाल तर दोन महिन्यांत नोंदवा, असे त्या आदेशाने फर्मावले होते. कर आणि लष्करभरतीच्या धास्तीने बेदुईनांनी सरकारी दप्तरात नाव घालणे टाळले होते. आपापसांत जमिनीची खरेदी-विक्री होई, सीमा सर्वांना ठाऊक असत, कागद नव्हता. पुढे कोर्टात विचारले गेले ते कागदच.

त्यातच १९५० चा शेळ्यांचा कायदा. काळी शेळी झाडे खाते, जंगल वाढू देत नाही, म्हणून तिच्या मोकळ्या चराईवर निर्बंध आले. बेदुईन तंबू कशाचा असतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच या कायद्याचा घाव कळेल. तंबूचे कापड काळ्या शेळीच्या केसांचे. बायका ते केस हाताने कातून, जमिनीवर आडव्या ताणलेल्या मागावर लांब पट्टे विणतात आणि ते शिवून छत करतात. कोरडे असताना त्याची वीण सैल असते, वारा खेळतो, चुलीचा धूर निघून जातो. पाऊस लागला की केस फुगतात, वीण घट्ट होते आणि पाणी बाहेरून ओघळून जाते. दरवर्षी एखादा जुना पट्टा काढून नवा जोडायचा, म्हणजे तंबू कधी जीर्ण होत नाही. शेळ्या घटल्या तसे केस घटले, आणि घराचे छत पत्र्याचे झाले. तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, कारण चरायला शेळ्या नसल्या की झुडपे माजतात आणि वणवे वाढतात, हे तोवर सर्वांच्या ध्यानात आले होते. अडुसष्ट वर्षांनी.

नेगेवमध्ये आज सुमारे ३ लाख बेदुईन आहेत. त्यातले बरेच सरकारने वसवलेल्या राहतसारख्या शहरांत राहतात. पण हजारो लोक पस्तीसेक अशा गावांत आहेत, ज्यांना सरकार मान्यता देत नाही. विजेची तार जवळून जाते, पण जोडणी मिळत नाही. घर बांधले की पाडायची नोटीस. अल-अराकीब हे गाव जुलै २०१० मध्ये पाडले, लोकांनी पुन्हा उभारले. तेव्हापासून ते दोनशेहून अधिक वेळा पाडले गेले आहे. उम्म अल-हिरानच्या लोकांना १९५६ मध्ये लष्करानेच त्या जागी आणून बसवले होते. तिथे ज्यू वसाहत करायची म्हणून त्यांना हलवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गाव जमीनदोस्त झाले. एप्रिल २०२४ मध्ये इराणने शेकडो ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा इस्रायलमध्ये गंभीर जखमी झाली ती सात वर्षांची एक बेदुईन मुलगी. तिच्या मान्यता नसलेल्या गावात आसऱ्याला बंकर नव्हता.

हे सगळे मराठी वाचकापासून फार दूरचे नाही. कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायली बांधव बीरशेबा आणि डिमोना याच शहरांत मोठ्या संख्येने राहतात. घरात मराठी बोलणारी, पुरणपोळी करणारी ही माणसे. त्यांच्याविषयी आपल्या वृत्तपत्रात अनेकदा आपुलकीने लिहून येते आणि मीही ते आवडीने वाचतो. त्याच डिमोनाच्या रस्त्यालगत पत्र्याच्या घरांची ही गावे दिसतात. ज्या शहरातल्या मराठी मंडळींची खबरबात आपण घेतो, त्याच्या शेजाऱ्यांबद्दल दोन ओळी लिहिणे जड जाऊ नये.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली, त्या लेखासोबत अरबस्तान, सिनाई, नेगेव आणि उत्तर आफ्रिका दाखवणारा एक नकाशा पुढच्या पुरवणीत द्यावा आणि त्यावर टोळ्यांची नावे त्यांच्या मुलखावर छापावीत. दुसरी, यापुढे त्या भागातली बातमी देताना ‘बेदुईनांची वस्ती हटवली’ एवढ्यावर भागवू नये. गावाचे नाव, टोळीचे नाव आणि ते लोक तिथे कधीपासून होते, हे तिन्ही बातमीत यावे. वृत्तसंस्थांच्या मजकुरात ही माहिती बहुतेक वेळा असते. जागेअभावी ती कापली जाते. ती कापू नये.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज