नेटवर्किंगचा कोड म्हणजे सात मजली इमारत नव्हे

मा. संपादक,
स. न.

तुमच्या विज्ञान पुरवणीतला ऑपरेटिंग सिस्टीमवरचा लेख वाचला. मराठीत कर्नलबद्दल (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याबद्दल) कोणीतरी लिहितंय हेच मुळात भारी आहे, पण त्यातलं ते सात मजल्यांचं चित्र (नेटवर्किंगचे सात थर, म्हणजे लेयर, एकावर एक रचलेले) बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखात म्हटलंय की नेटवर्किंगचा कोड मॉड्युलर (सुट्या भागांचा) असतो कारण प्रत्येक लेयर शेजारच्याशी फक्त ठरलेल्या खिडकीतून बोलतो, बाकी कोणाला कोणाचं काही माहीत नसतं. परीक्षेत लिहायला ठीक आहे हो, पण कर्नलमध्ये कोणी हे शब्दशः केलं तर मशीन रांगायला लागेल.

हे काही माझं शहाणपण नाही. इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी डेव्हिड क्लार्कनी १९८२ मध्येच आरएफसी ८१७ या तांत्रिक टिपणात लिहून ठेवलंय की प्रोटोकॉल (मशीननी आपसात बोलायचे नियम) समजून घ्यायला लेयर छान, पण कोडमध्येही तेच कप्पे जसेच्या तसे पाडले की स्पीड मार खातो. साधी गोष्ट घ्या, टीसीपी (डेटा नीट पोचला ना ते बघणारा वरचा लेयर) चुका पकडायला जी बेरीज, म्हणजे चेकसम, काढतं, तिच्यात आयपीचे (पत्त्यावर पोचवणाऱ्या खालच्या लेयरचे) पत्ते धरावेच लागतात, म्हणजे खालच्या मजल्यावर कोण राहतं ते वरच्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लिनक्समध्ये तर पॅकेट (डेटाचा तुकडा) एकाच बफरमध्ये (मेमरीतल्या जागेत) असतं आणि सगळे लेयर तेच वापरतात, पुढे आधीच मोकळी जागा सोडलेली असते, मग टीसीपी आपल्या हेडरचे (पुढे जोडायच्या माहितीचे) किमान २० बाइट लावतं, आयपी आपले २०, इथरनेट १४, आणि दरवेळी फक्त पॉइंटर (पॅकेट कुठून सुरू होतं ते दाखवणारा पत्ता) मागे सरकतो, डेटा जागचा हलत नाही. आता ती जागा किती सोडायची हे ठरवायला खाली कोणाकोणाचे हेडर लागणार याचा अंदाज टीसीपीला आधीच बांधावा लागतो. कुठे गेली तुमची खिडकी?

मग मॉड्युलर आहे तरी काय? माझ्या मते टेबल. १९८३ च्या ४.२ बीएसडीत (युनिक्सच्या एका आवृत्तीत) प्रत्येक प्रोटोकॉलसाठी एका टेबलमध्ये एक नोंद असायची, पॅकेट आलं तर हे फंक्शन, पाठवायचं तर ते, एरर आली तर तिसरं. सॉकेटचा (प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणाऱ्या दाराचा) कोड ती नोंद बघून फंक्शन बोलावतो, समोर टीसीपी आहे की यूडीपी (त्याचा साधा भाऊबंद) याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही असाच, आपल्या फंक्शनांची यादी भरतो, नाव रजिस्टर करतो, झालं. आणि याचा फायदा खरंच होतो बरं का. लिनक्सने २००५ मध्ये टीसीपीतला गर्दी सांभाळायचा भाग असाच सुटा केला, म्हणून २००६ मध्ये गर्दी सांभाळायची क्युबिक ही पद्धत डीफॉल्ट करता आली आणि २०१६ मध्ये गूगलची बीबीआर ही पद्धत आत आली, टीसीपी नव्याने न लिहिता (वेग मोजायची थोडी सोय टीसीपीत करावी लागली, तेवढं सोडा).

उलटी गोष्ट सोलारिस या सन कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमची. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी डेनिस रिचींनी १९८४ मध्ये मांडलेली स्ट्रीम्स ही कल्पना दिसायला फार देखणी, मॉड्युलवर मॉड्युल रचा आणि मधून मेसेज सोडा. टर्मिनलसाठी ती मस्तच होती, पण पुढे त्यावर टीसीपी/आयपी बसवलं आणि प्रत्येक पॅकेट या रांगेतून त्या रांगेत फिरत बसलं, शेवटी सोलारिस १० मध्ये टीसीपी आणि आयपी एकाच मॉड्युलमध्ये घातले तेव्हा कुठे जीव आला. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात छोटी पॅकेट आली तर सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख होतात, एकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद! त्यात रांगा कुठे लावणार.

टेबल तरी फुकट आहे असं नाही. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी बाहेर आली, तिच्या बंदोबस्तामुळे पॉइंटरवरून फंक्शन बोलावणं महाग झालं, तर लिनक्सवाल्यांनी सरळ एक तपासणी घातली, पॉइंटर ओळखीच्या टीसीपीचा असेल तर थेट जा. पुस्तकी माणसाला हे बघवणार नाही, मला मात्र हेच शहाणपण वाटतं.

आणि लेखात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे काढणं. मॉड्युल घालायला काय कोणीही घालेल. मी नवीन असताना एकदा माझं रजिस्टर केलेलं फंक्शन परत न काढताच मॉड्युल अनलोड केलं होतं, पुढचं पॅकेट आलं, कर्नलने त्या रिकाम्या पत्त्यावर उडी मारली आणि पॅनिक, म्हणजे मशीन ठप्प, अख्खी दुपार त्यात गेली. पण चुका फक्त नवख्यांच्याच असतात असंही नाही. लिनक्समध्ये आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) वर्षानुवर्षं मॉड्युल म्हणून बांधता येत आलंय, पण एकदा लोड झालं की ते काढता येत नाही, कारण त्याचे धागे इतक्या ठिकाणी अडकलेत की सुरक्षितपणे सोडवणं कोणाला जमलेलं नाही. नावाला मॉड्युल, पण पाहुणा कायमचा मुक्कामाला.

पुढच्या लेखात ते चित्र छापायचंच असेल तर छापा, पण शेजारी बीएसडीच्या त्या टेबलच्या चार ओळीही छापा. वाचकांना झेपतील, घाबरू नका.

आपली,
एक नियमित वाचक