दिवसाला दोनशे फोन कशासाठी?

महोदय,

अमेरिकेत एकच ट्रक बाळगून स्वतः चालवणाऱ्या मालकांना फोन करून डिस्पॅच सेवा (ट्रकसाठी माल शोधून दर ठरवून देणे) विकण्याचे काम आपल्याकडची मुले-मुली रात्रपाळीत करतात. त्यांच्या हाती पाठ केलेली स्क्रिप्ट, नंबरांची यादी आणि दीडशे-दोनशे फोनांचे टार्गेट दिले जाते. या टार्गेटपायीच कामाची माती होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यादी बहुधा नव्याने मालवाहतुकीचा परवाना मिळालेल्यांची असते. नंबर सरकारी नोंदीत उघड दिसतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्या माणसावर फोनांचा भडिमार होतो. त्यातून अनेक ब्रोकर, म्हणजे माल पाठवणारा आणि ट्रकमालक यांना जोडणारे दलाल, परवान्याला काही महिने झाल्याशिवाय लोड, म्हणजे वाहून न्यायचा माल, देत नाहीत. ‘आजच लोड मिळवून देतो’ हे वाक्य इथेच उघडे पडते आणि पुढचा फोन कोणी उचलत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक फोनआधी पाच मिनिटे द्यावीत. एफएमसीएसए या केंद्रीय यंत्रणेच्या ‘सेफर’ संकेतस्थळावर ट्रकमालकाचा यूएसडॉट नंबर (सरकारी नोंदणी क्रमांक) टाकला की परवाना चालू आहे का, ट्रक आणि ड्रायव्हर किती, कोणता माल नेतात, तपासणीत गाडी किती वेळा रोखली गेली, हे सारे फुकट दिसते. ट्रेलर ड्राय व्हॅन (बंद पेटीचा) आहे, रीफर (थंड ठेवणारा) आहे की फ्लॅटबेड (उघडा सपाट), हे मात्र विचारावेच लागते. विम्याचेही तसेच. सामान्य मालाच्या मोठ्या ट्रकला कायद्याने ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा (अपघातात इतरांच्या नुकसानीसाठीचा) पुरतो, पण ब्रोकर सहसा १० लाखांचा आणि मालासाठी वेगळा १ लाखाचा मागतात. तो नसेल तर करार करूनही हाती लोड येत नाही.

पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ८ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा असतात. पश्चिम किनाऱ्यावर त्यानंतर तीन तासांनी ८ वाजतात. नंबरचा कोड एका राज्याचा आणि ट्रक भलत्याच राज्यात, असे नेहमी घडते. म्हणून पहिला प्रश्न हाच हवा: ‘आत्ता गाडी चालवताय का?’ हातात फोन धरून ट्रक चालवायला तिथे बंदी आहे. उत्तर ‘हो’ आले तर सोयीची वेळ विचारून फोन ठेवावा. स्क्रिप्टचे उरलेले परिच्छेद त्याच्या कानावर ओतू नयेत.

खरे बोलणे दराचे असते आणि नवखा नेमका तिथेच अडखळतो. ६०० मैलांच्या लोडला १,५०० डॉलर म्हणजे मैलाला अडीच डॉलर, हे ऐकायला छान वाटते. पण माल उचलायला १५० मैल रिकामे जावे लागत असेल तर तोच दर दोन डॉलरवर येतो. त्यातून ७ टक्के डिस्पॅच फी, म्हणजे १०५ डॉलर गेले की १.८६ उरतो, आणि डिझेल अजून निघायचेच आहे. घर कुठे, किती दिवस बाहेर राहता, कोणत्या राज्यांत जात नाही, रिकामे मैल धरून किमान दर किती, एवढे शांतपणे विचारणाऱ्याला ट्रकमालक उत्तर देतो. लोडची हमी देऊ नये आणि आगाऊ फी तर मुळीच मागू नये.

कायद्याची रेघही ठाऊक हवी. एफएमसीएसएच्या २०२३ च्या खुलाशानुसार डिस्पॅचर ट्रकमालकाच्या वतीने, लेखी कराराने काम करतो. माल पाठवणारा आणि वाहतूकदार यांच्यामधले पैसे तो हाताळू लागला तर तो ब्रोकर ठरू शकतो, आणि ब्रोकरला वेगळा परवाना व ७५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) लागतो. भाड्याचे पैसे थेट मालकाच्या किंवा त्याच्या फॅक्टरिंग कंपनीच्या (बिलाचे पैसे शुल्क कापून आधीच देणाऱ्या) खात्यातच जायला हवेत.

‘पुन्हा फोन करू नका’ असे कोणी म्हटले, तर तो नंबर त्याच दिवशी कार्यालयातल्या सगळ्या याद्यांतून काढावा. एकाच कार्यालयातून चौघे जण त्याच ट्रकमालकाला फोन करतात, ते हे न केल्यामुळेच.

– डिस्पॅच क्षेत्रात काम करणारे काही वाचक