घड्याळापेक्षा क्रम पक्का करा

महोदय,

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणे) असलेल्या मुलांना, मोठ्यांनाही, दिनक्रमाबाबत पहिला सल्ला ठरलेला असतो: मिनिटामिनिटाचे वेळापत्रक करून भिंतीवर लावा. ७:०० उठणे, ७:१० दात, ७:२० अंघोळ. यातले एक काम लांबले की खालच्या सगळ्या वेळा चुकतात. एडीएचडी असलेला तिथेच ‘आजचा दिवस गेला’ म्हणून तक्ता सोडून देतो, तर ऑटिझम असलेल्याला ती चुकलेली वेळच छळत राहते. ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीत असू शकतात, हे ‘डीएसएम-५’ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३मध्ये मान्य केले. अशांना ठरावीकपणा हवाही असतो आणि त्याचाच कंटाळाही येतो.

म्हणून घड्याळाला बांधायचे ते फक्त उठणे, औषध आणि जेवण. ‘भूक लागली की खाईल’ हे इथे चालत नाही. अनेकांना भूक-तहान वेळेवर जाणवत नाही, त्यात एडीएचडीच्या उत्तेजक औषधांनी भूक मंदावते. बाकीची कामे साखळीने: दात झाले की अंघोळ, अंघोळ झाली की कपडे. कामाला लागणारा वेळ आठवडाभर प्रत्यक्ष मोजावा आणि वर निम्मा आणखी धरावा.

तक्ते मात्र तीन हवेत: पूर्ण, आटोपशीर आणि किमान. किमान तक्ता वाईट दिवसासाठी: औषध, काहीतरी खाणे, दात, कपडे. बस्स. हा तक्ता चांगल्या दिवशीच लिहून ठेवावा. गोंगाटाने बेजार झालेल्या डोक्याला काय गाळायचे हे ठरवणेच सर्वांत जड जाते.

दिवसाची कामे चित्रांच्या कार्डांनी क्रमाने दाखवणारी पट्टी असते; बदलाची सवय लावायला तिच्यावर, ‘इथे काहीतरी वेगळे होणार’ हे सांगणारे, प्रश्नचिन्हाचे एक कार्ड ठेवतात. सुरुवातीला त्यामागे आवडीचीच गोष्ट निघायला हवी. घरोघरी होते उलटेच: ते कार्ड नेमके दवाखान्याच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर येते आणि पुढे नुसते दिसले तरी रडारड होते. रद्द झालेल्या कामाचे कार्डही काढून टाकू नये, ते ज्या दिवशी होणार त्या दिवसाखाली लावावे.

‘पाच मिनिटे राहिली’ हे ज्याला वेळेचा अंदाजच येत नाही त्याला सांगून उपयोग नाही. रंगीत चकती कमी होत जाणारा टायमर ठेवा, किंवा ‘ही लेव्हल संपली की उठायचे’ असा टप्पा सांगा. मोबाइलच्या गजराला नाव द्या: ‘बाटली भर, बूट घाल’. गजर मोजकेच असावेत. दिवसभर वाजत राहिले तर ते बंद करण्याचीच सवय लागते.

एडीएचडी असलेल्यांच्या नजरेला काही आठवड्यांत भिंतीवरचा तक्ता दिसेनासा होतो. तेव्हा रंग किंवा जागा बदलावी, क्रम नाही. ऑटिझम असलेल्या व्यक्तीचा तक्ता मात्र तिला विचारल्याशिवाय हलवू नये; ती झोपल्यावर गुपचूप तर मुळीच नाही.

– एक विशेष शिक्षक