गोळ्या मोफत, पण शाळा बुडवून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सरकारी एआरटी केंद्रांतून (एचआयव्हीचा विषाणू आटोक्यात ठेवणारे उपचार देणाऱ्या केंद्रांतून) एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे देण्यास एप्रिल २००४ मध्ये सुरुवात झाली आणि २००६ च्या अखेरीस मुलांच्या उपचारांसाठी वेगळा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. जन्मतः संसर्ग झालेली कितीतरी मुले आज आठवी-दहावीत शिकत आहेत, हे या उपक्रमांचे मोठेच यश आहे. औषधाच्या किमतीचा प्रश्न आता राहिलेला नाही. राहिला आहे तो केंद्रापर्यंत पोहोचण्याचा, आणि आमच्या बीड जिल्ह्यात तो ऊसतोडीच्या हंगामात सर्वांत बिकट होतो.

मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल सोबत गेले, तर त्याची नोंद असलेले केंद्र फार दूर राहते आणि अनोळखी तालुक्यात नव्याने विचारपूस करण्याची आई-बापांची हिंमत होत नाही. मूल गावी राहिले, तर म्हाताऱ्या आजीने त्याला घेऊन अंबाजोगाईला किंवा बीडला जायचे, तेही शाळेच्या दिवशी, कारण केंद्रांच्या आणि शाळेच्या वेळा जवळपास एकच असतात. दर खेपेला वर्गशिक्षकांना काय कारण सांगायचे, हा प्रश्न वेगळाच. अशाने खेप चुकते, गोळ्या खंडित होतात. आणि गोळ्या वारंवार खंडित झाल्या की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून त्यांना वरचेवर बोलावले जाते, हे समजू शकते. परंतु ज्या मुलाची व्हायरल लोड चाचणी (रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी) समाधानकारक आहे, त्याचे वजन जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही घेता येईल आणि गोळ्याही तेथील, मुख्य एआरटी केंद्राला जोडलेल्या संलग्न केंद्रातून देता येतील. जिल्हा एड्स नियंत्रण पथकाने हंगामापूर्वी स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची नोंद घेऊन, ज्या कारखान्यावर ती जाणार तेथील केंद्राशी आधीच संपर्क साधावा, तसेच महिन्यातून एक रविवार केवळ मुलांसाठी ठेवावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. कर्मचाऱ्यांना बदली सुट्टी मात्र द्यावी लागेल, आणि ती द्यायलाच हवी.

एसटीने एचआयव्हीबाधितांना साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत दिली, तिचा हेतू उत्तमच आहे. पण गावच्या गाडीत, चार ओळखीच्या माणसांसमोर, वाहकाला या आजाराचा दाखला दाखवणारे पालक किती निघतील? ज्या पासवर आजाराचा उल्लेखच नाही, असा सर्व रुग्णांसाठी एकसारखा पास काढला, तर ही सवलत खरोखर वापरली जाईल.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार शाळेला प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणी मागता येत नाही, भेदभाव करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची माहिती उघड करता येत नाही. आई-वडील नसलेल्या घरात बारा वर्षांवरील समंजस भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी व उपचारांसाठी पालक म्हणून उभे राहू शकते, ही तरतूद तर किती मुख्याध्यापकांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे. मी स्वतः शिक्षण खात्यात नोकरी केली असल्याने हे म्हणण्याचे धाडस करतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांच्या अधीक्षकांना तरी याचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे गोळ्यांची डबी ट्रंकेच्या तळाशी लपवून ठेवण्याची वेळ मुलांवर येणार नाही.

आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही विभागांनी मिळून याविषयी परिपत्रक काढावे, आणि ते दसऱ्यापूर्वी काढावे. त्यानंतर यातली बरीच मुले गावात सापडणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
ता. केज, जि. बीड