आभार, आधीच सांगितल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. रविवार पेठेतला टेलर म्हटलं की ओळखालच. कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या बाजूनं, नडगीच्या बाहेरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची, आणि नेमका तोच पाय मशीनच्या पायडलवर.

एमआरआयमध्ये दोन ठिकाणी मणक्यांमधली गादी सरकलेली दिसत होती. घरच्यांनी ऑपरेशन धरूनच ठेवलं होतं. मेहुणे तर हाडवैद्याचा पत्ता घेऊन आले. तुम्ही फिल्म बाजूला ठेवलीत. "गादी सरकलेली पुष्कळांची दिसते, पण त्यांचं काहीही दुखत नसतं. तुमची कळ कोणत्या नसेतून येते ते आधी शोधू." मग प्रश्न. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शुगर किती, लघवीवर ताबा आहे ना, बैठकीची जागा बधिर वाटते का, पाऊल नीट उचलतं का. शेवटच्या तिन्हींत काही खोट असती तर सुई न लावता तातडीनं सर्जनकडे धाडलं असतं, हेही सांगितलंत.

टेबलावर पालथा झोपवून पोटाखाली उशी दिलीत. वर ते सी-आर्म मशीन, आतलं एक्स-रेत चालू दाखवणारं. आधी वरची कातडी बधिर केली, मग लांब बारीक सुई एक्स-रेत बघत बघत आत. सुई नसेपाशी पोचली तशी पायातून चमक गेली. "ही नेहमीचीच ना?" तीच होती! मग डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून जागा पक्की केलीत आणि लिग्नोकेन हे भुलीचं औषध दिलंत, सोबत सूज उतरवणारं स्टेरॉईड. जरा वेळानं माझा पाय सरळ धरून वर उचललात. एरवी वीतभर उचलला तरी मी ओरडायचो. या वेळी गेला की वर. कुठून उसवलंय ते बघायला एकेक टाका ओढून पाहावा, तसं तुम्ही ती नस गाठलीत.

पण आभार मानायचेत ते त्यापुढच्या बोलण्याचे. "भुलीचं औषध काही तासांत उतरेल. रात्री कळ परत येईल, घाबरू नका. स्टेरॉईडला काही दिवस लागतात, आणि त्यानं गुण येईलच असंही नाही." रात्री कळ आली. बायको घाबरली, मी वहीत वेळ लिहिली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. हे आधी कळलं नसतं तर दुसऱ्या दिवशी 'इंजेक्शन फुकट गेलं' म्हणत पेठभर फिरलो असतो. पैसे घेतल्यावर 'येईलच असं नाही' म्हणणारी माणसं पुष्कळ असतात, तुम्ही आधी म्हणालात.

१९०१ साली पॅरिसच्या सिकार नावाच्या डॉक्टरनं माकडहाडाजवळून कोकेन टोचून सायटिकावर, म्हणजे माझ्यासारख्याच कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर, इलाज केला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. कोकेनचं मात्र मी दुकानात बोललेलो नाही.

आता कळ गुडघ्याखाली उतरत नाही. कंबर अधूनमधून धरते. व्यायाम चालू आहेत, मधे उठून चार पावलं टाकतो.

एक राहिलं. तुमच्या हिरव्या गाउनची उजवी बाही खांद्यात ओढते, हात वर केला की दिसतं. पाठवून द्या, माप नको. पैशाचं बोलू नका.

कळावे, लोभ असावा.
आपला,
रविवार पेठेतला टेलर, पुणे