नाव पाइनचं, मुक्काम सफरचंदाखाली

प्रिय मिलिंद,

फोटो बघून तू लगेच विचारलंस, "हे चिचुंदरीचं पिल्लू कुठलं?" चिचुंदरी नव्हे रे, हा व्होल, उंदराचाच भाऊबंद. इथे पेनसिल्व्हेनियात सफरचंदाच्या बागावाले याच्या नावाने बोटं मोडतात. आमच्या मागच्या अंगणातलं झाड हाताने ढकललं तरी डुगडुगायला लागलं, म्हणून बुंध्याजवळचा पालापाचोळा उकरला. चार बोटं खाली बोगदा, आणि मुळांवरची साल चौफेर सोललेली. वरून जाळी बांधली होती, पण हा येतो जमिनीखालून!

पठ्ठ्या बाहेर आला तेव्हा नीट बघता आला. तांबूस तपकिरी, मखमली अंग, डोळे मोहरीएवढे, शेपूट जेमतेम दोन सेंटीमीटर. कान केसांत बुडालेले. बोगद्यात जन्म काढायचा तर मोठे कान हवेत कशाला?

पण गंमत नावाची आहे, आणि ती तुलाच कळेल. १८३० मध्ये जॉन ईटन लेकाँटने जॉर्जियातल्या पाइनच्या जंगलातला हा प्राणी वर्णिला आणि नाव ठेवलं सामोमिस पायनेटोरम. पायनेटोरम म्हणजे पाइनच्या जंगलातला. हा लेकाँट अमेरिकी सैन्यातला टोपोग्राफिकल इंजिनिअर. किड्यांची चित्रं अप्रतिम काढायचा. (घराण्याचे जॉर्जियात भाताचे मळे होते, गुलामांच्या घामावर चाललेले. हेही सांगायला हवं.) पण सामोमिस हे नाव क्रेट्श्मार या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८२८ मध्येच इजिप्तकडच्या वाळूतल्या उंदराला देऊन टाकलं होतं. झालं, प्रजातीचं (म्हणजे जीनसचं, पहिलं) नाव बाद! पुढच्याच वर्षी मॅकमर्ट्रीने पिटिमिस काढलं, म्हणजे पुन्हा पाइनचा उंदीर. आता तो मायक्रोटस या प्रजातीत आहे, आणि पिटिमिस उपप्रजातीपुरतं उरलंय.

या सगळ्या उलथापालथीत पायनेटोरम मात्र जागचं हललं नाही. आता हा प्राणी राहतो मुख्यतः पानगळीच्या जंगलात, जिथे पाला जाड आणि माती भुसभुशीत. म्हणून पुस्तकांत हल्ली त्याला वुडलँड व्होल म्हणतात. बागावाले अजून पाइन व्होलच म्हणतात. शास्त्रीय नावातलं पायनेटोरम बदलायची मात्र सोय नाही, आणि मला ते पटतं. जो तो आपल्या अंगणात बघून नाव दुरुस्त करायला लागला, तर जुन्या नोंदी कोणत्या प्राण्याच्या, हे शोधताना पुढच्यांच्या नाकी नऊ येतील.

जर्नलमध्ये आपण शास्त्रज्ञाचं नाव कंसात का, म्हणून कुरकुरायचो ना? 'मायक्रोटस पायनेटोरम (लेकाँट, १८३०)' यातल्या त्या कंसाचा अर्थ एवढाच, की प्रजाती बदलली, जातीचं नाव त्याचंच राहिलं. तुझ्या कॉलेजच्या म्युझियममधल्या बाटल्यांवर कंस नीट आहेत का, बघून कळव. मुलं नक्की गाळत असणार.

झाड वाचायचं लक्षण दिसत नाही. नवीन लावणार, पण बुंध्याशी पाला साठू देणार नाही.

काकूंना नमस्कार. गोट्याची दहावी कशी चाललीय?

तुझा,
शिऱ्या