घाटमाथ्यावरून वेळासच्या किनाऱ्यापर्यंत

मुंबई, १८ जानेवारी

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

आठ-दहा जणांना घेऊन राजगडापासून थेट समुद्रापर्यंत जायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला तक्ता नीट पाहिला. मुक्काम, गावं, एसटी सगळं त्यात आहे, पण तो सगळा किलोमीटरवर बांधलेला आहे. फेब्रुवारी सरल्यावर सह्याद्रीत किलोमीटरला फार अर्थ उरत नाही. पाणी कुठे मिळणार आणि ऊन कधी अंगावर येणार, या दोन प्रश्नांवर तक्ता पुन्हा बांध. म्हणून हे लांबलचक पत्र.

वाट तू निवडलीस तीच ठेव: गुंजवणे, राजगड, तोरणा, मोहरी, सिंगापूरची नाळ (कड्यातून कोकणात उतरणारी दगडांची घळ), काळ नदीचं खोरं, रायगड, महाड आणि शेवटी बाणकोट-वेळास. या वाटेची खरी गंमत मोहरीच्या पुढे घाटमाथ्याच्या कडेवर कळते. तोरण्याच्या अंगाखांद्यावरचं पावसाचं पाणी कानंदी-गुंजवणीतून नीरेला जातं, नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र काळ नदीत उतरतं, सावित्रीला मिळतं आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. तुमची वाट या दुसऱ्या पाण्याबरोबर खाली येते. मंडळींना कड्यावर उभं करून हे दाखव. पुढचे दिवस नकाशा काढायची गरज कमी पडेल.

आता राजगड-तोरणा. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरून डोंगरधारेने बुधला माचीपर्यंत जाणारी ही वाट पावसाळ्यानंतर सुखाची असते. मार्चमध्ये मात्र ती कोरडी आणि जवळजवळ बिनसावलीची. धारेवर भरवशाचं पाणी नाही. माणशी चार लिटर पाणी राजगडावरूनच भरून निघायचं, त्यातलं एक लिटर ओआरएस घातलेलं. 'तीन पुरतील' म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. दुपारी दोनला त्याला इतरांच्या बाटलीतलं पाणी लागतं आणि मग सगळ्यांनाच कमी पडतं. सकाळी निघताना प्रत्येकाच्या बाटल्या तू स्वतः मोज. मधे एक डांबरी रस्ता धार ओलांडतो. कुणाचे पाय बोलायला लागले असतील, डोकं दुखत असेल किंवा लघवी गडद पिवळी होत असेल, तर त्याला तिथूनच तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला पाठव. पुढे बुधला माचीवर चढताना घसारा आणि कातळ आहे. दमलेल्या माणसाला तिथून मागे फिरवणं अवघड जातं. तोरणा १४०३ मीटर उंच आहे आणि शेवटचा चढ नेमका दुपारच्या उन्हात येतो. म्हणून राजगड पहाटे साडेपाचला, टॉर्चच्या उजेडात सोडायचा.

दोन्ही गडांवर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी पक्कं कर. राजगडाबाबत पुरातत्त्व खात्याकडेच विचार. रायगड आणि राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत, त्यामुळे नियम आहेत आणि ते पाळायला हवेत. परवानगी नसली तर पहिली रात्र गुंजवण्यात, दुसरी वेल्ह्यात काढा. तसं केलंत तर तोरण्याहून मोहरीकडे डोंगरातून चालत जाण्याऐवजी वेल्ह्याहून जीप करावी लागेल. शेवटचा रस्ता खडबडीत आहे, पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चालतच गेलात तर स्थानिक वाटाड्या घ्याच. तोरणा ते मोहरी हा सगळ्यांत लांब दिवस, आणि गुरांच्या वाटा दर पन्नास पावलांवर फुटतात. जीपीएसवरची रेघ कड्याच्या वर आहे की खाली, हे मोबाईलवर कळत नाही. मोहरीत जेवणाची आणि राहण्याची सोय गावकरी करतात, फक्त निरोप आधी गेला पाहिजे. उन्हाळ्यात त्यांनाच पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा दहा जणांच्या आंघोळी तिथे नकोत.

रान या दिवसांत सुंदर असतं. पळस, पांगारा, काटेसावर एकदम लाल होतात, करवंदीला पांढरी फुलं येतात. आणि याच फुलांवर आग्या मोहोळ पोसलेलं असतं. कड्यांना लटकलेली मोहोळं दिसली की तिथे आवाज नाही, धूर नाही, दगड तर नाहीच. अत्तर, डिओ, वासाचं तेल सगळ्यांना घरीच ठेवायला सांग. माशा उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. तोंड आणि मान कपड्याने झाकून, पायाखाली बघत, शक्य तितक्या लवकर तिथून दूर जायचं. एक चावली की तिच्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून 'थांबून बघू' नको. ॲलर्जीच्या गोळ्या पेटीत ठेव, पण ओठ सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली तर गोळीवर विसंबू नकोस, थेट दवाखाना. कुणाला पूर्वी असा त्रास झालाय का, हे प्रत्येकाला आत्ताच विचार.

आगीचंही तेच. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि वणव्यात जळालेल्या उतारावर पुढच्या पावसात माती टिकत नाही. चूल पेटवायची नाही. आठ जणांना दोन छोटे गॅस स्टोव्ह आणि २३० ग्रॅमची तीन-चार काडतुसं पुरतात, कारण अर्धी जेवणं गावातच होणार आहेत. खिचडीला माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ धर, न्याहारीला १०० ग्रॅम पोहे. दिवसा शिजवत बसू नका. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. त्यांच्याबरोबर लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या. ब्रेड-जॅम आणू नका, सॅकमध्ये त्याचा चिखल होतो.

आता नाळ. इथे मी तुला सगळ्यांत जास्त वेळ थांबवणार आहे, कारण या वाटेवर मला खरी काळजी चढाची वाटत नाही, उताराची वाटते. तक्त्यात तू बोराट्याची नाळ आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहिलंयस. ते खोडून सिंगापूरची नाळ लिही. बोराट्याची नाळ रायलिंगाचं पठार आणि लिंगाण्याचा सुळका यांच्या मधून उतरते, देखणी आहे, पण मोठ्या सुट्या दगडांनी भरलेली आहे आणि लिंगाण्याच्या खिंडीकडे जाणारी आडवी वाट दरीच्या काठाने आहे. पाठीवर दहा-बारा किलोची सॅक असलेल्या नवख्या माणसाला तिथे नेऊ नये. लिंगाणा रायलिंगाच्या पठारावरूनच बघा. आदल्या संध्याकाळी मोहरीहून सहज जाऊन येता येतं. कडेला वारा असतो, टोप्या सांभाळा आणि फोटोसाठी कुणाला काठावर जाऊ देऊ नकोस.

सिंगापूरची नाळ पश्चिमेकडे उतरते. त्यामुळे सकाळी कड्याची सावली तिच्यावर असते आणि सूर्य वर येईपर्यंत ती थंड राहते. साडेसहाला मोहरीजवळचं सिंगापूर गाव सोडलंत तर सावलीतच खाली पोचाल. नऊला निघालात तर निम्म्यावर ऊन गाठतं, दगड तापतात, आणि घामाने हात निसटायला लागतात.

मार्चमधली नाळ कशी दिसते ते नीट सांगतो. पानगळ झालेली असते. सुट्या दगडांवर वाळक्या पानांचा वीतभर थर बसलेला असतो आणि खाली काय आहे ते दिसत नाही: मुरलेला धोंडा, हलता दगड की नुसती फट. पाऊल टाकलं की वरचं पान खालच्या पानावरून सरकतं. म्हणून काठीने आधी पानं बाजूला करायची, दगड दाबून बघायचा, मग वजन टाकायचं. वजन टाचेवर नको, अख्ख्या तळव्यावर. गुडघे किंचित वाकलेले. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि त्यामुळेच घसरतो. त्याला 'पुढे झुक' असं सांगावं लागतं, आणि सुरुवातीला त्याचा विश्वास बसत नाही. काठी चढाला धरतो त्यापेक्षा उताराला थोडी लांब करायची. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळायच्या, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठे बुटावर आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापलेली हवीत. अंगठ्याचं नख काळं पडलं की रायगड चढताना प्रत्येक पायरी मोजावी लागते.

नाळेत खरा धोका आपल्या पायाखालून सुटणाऱ्या दगडाचा, तो खालच्या माणसाला लागतो. म्हणून दोन तुकड्या कर, चौघाचौघांच्या. एका तुकडीतले चौघे एकमेकांना चिकटून उतरतील, म्हणजे दगड सुटला तरी वेग घ्यायच्या आत अडवता येतो. दुसरी तुकडी पहिली आडोशाला पोचल्यावरच निघेल. सरळ रेषेत एकाच्या डोक्यावर दुसरा नको, नागमोडी चालायचं. दगड सुटला की ज्याच्या पायाखालून सुटला त्याने 'दगड!' असं ओरडायचं, आणि खालच्यांनी वर न बघता कातळाला चिकटायचं. सायकलचं का होईना, हेल्मेट प्रत्येकाकडे असू दे. पुढे वाट ओळखणारा, मागे सगळ्यांत शांत माणूस. शेवटी चालणारा हा बळकटच हवा असं नाही, पण त्याला घाई नसावी. वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. त्याची सॅक हलकी करा आणि त्याला पुढच्या माणसाच्या मागे दुसरा ठेवा. मागे टाकलंत तर तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात, आणि त्याला बसायलाच मिळत नाही.

खाली दापोली हे छोटं गाव लागतं (दापोली तालुक्याचं नव्हे, महाडकडचं). इथे कोकण सुरू होतं, आणि मंडळी इथेच ढिली पडतात. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तितकंच तापमान अंगाला कितीतरी जास्त लागतं. अकरा ते साडेतीन कुठल्यातरी अंगणात किंवा देवळात पडून राहा, मग काळ नदीच्या खोऱ्यातून वारंगी, छत्री निजामपूर करत रायगडाच्या पायथ्याला जा. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय एकानेही हलायचं नाही. फुरसं आणि घोणस दोन्ही या पट्ट्यात आहेत. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही; हातपाय स्थिर ठेवून महाडच्या रुग्णालयात न्यायचं. गाडीवाल्याचा नंबर त्यासाठी आदल्या दिवशीच घेऊन ठेव.

रायगड पहाटे चढा, दहाच्या आत उतरा. ज्याचे गुडघे नाळेने धरले असतील त्याने हिरकणीवाडीहून रोपवेने यावं. पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर थांबून मग महाड.

महाड ते बाणकोट चालायचं तू लिहिलंयस. माझं मत विरुद्ध आहे. ती सगळी डांबरी सडक, रेतीचे ट्रक आणि खाडीवरून येणारा उकाडा. तीन दिवस डोंगरात सांभाळलेले पाय फोडांनी जातात. एसटीने मंडणगड, तिथून बाणकोट. बाणकोटच्या हिंमतगडावर चढून सावित्री समुद्राला कुठे मिळते ते बघा आणि शेवटचा टप्पा, वेळासपर्यंतचा, पायी करा. तारखांकडे मात्र लक्ष असू दे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण म्हणून २० मार्चला महाडला फार मोठा जनसमुदाय येतो. त्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण मग एसटी आणि खोली सहज मिळेल असं धरू नकोस. शिमग्याचंही तसंच: मुंबईहून निघालेली प्रत्येक गाडी भरलेली असते. पंचांग बघून तारीख घे.

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं याच दिवसांत निघतात. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, गावकरी ती कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यांत हलवतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं निघतील की नाही हे कुणी आधी सांगू शकत नाही, म्हणून दोन रात्री ठेव. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. ते वाळूवरून स्वतःच चालत जायला हवं. जेवण-मुक्काम गावातल्या घरांतच होतो.

किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीला. हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुण, आली ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. थोडा इकडेतिकडे फरक पडतो, पण वाळू घट्ट असताना चालायला तेवढं पुरतं. पोहायला मात्र गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कुणी उतरू नये. खाडीच्या मुखाशी ओढ असते.

परत येताना वेसवीहून फेरीबोटीने खाडीपलीकडच्या बागमांडल्याला उतरा. तिथून श्रीवर्धन, माणगाव करत मुंबई गाठता येते.

नवा तक्ता झाला की पाठव. त्यात प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिही: पाणी कुठे भरणार, दुपारी कुठे थांबणार, आणि कुणाला परतावं लागलं तर कुठून. वाटाड्याशी आणि मोहरीत या आठवड्यातच बोलून घे. माझ्याकडचा वीस मीटरचा दोर आणि दोन हेल्मेटं हवी असतील तर दादरला कधीही येऊन घेऊन जा. वहिनींना आणि मुलांना नमस्कार.

तुझा,
विवेक